विमान सांगते ते आणि जमिनीवरून मोजलेले: पुण्यातील एका निगराणी प्रकल्पाच्या नोंदी

५ जुलै २०२५

आज सरांनी प्रकल्पाचा विषय मान्य केला. विमान आपले स्थान रेडिओवरून स्वतःच जाहीर करत असते. ते स्थान खरे आहे का, हे विमानाच्या शब्दावर न विसंबता जमिनीवरून कितपत पडताळता येते, ते पुण्याच्या चार बाजूंना चार स्वस्त रिसीव्हर बसवून पाहायचे, एवढाच आमचा आवाका आहे. सरांनी एकच प्रश्न विचारला: नियंत्रकाच्या पडद्यावरचा ठिपका नेमका कोणी मोजलेला असतो? याचे उत्तर लिहून काढल्याशिवाय एक रुपयाचेही सामान आणायचे नाही, असे त्यांनी बजावले, म्हणून ते आधी लिहितो.

प्राथमिक रडार जोरकस स्पंद सोडते आणि विमानाच्या अंगावरून परतलेला क्षीण प्रतिध्वनी टिपते. विमानाची इच्छा असो वा नसो, ते दिसते. पण ते कोणते आणि किती उंचीवर आहे हे कळत नाही, डोंगर, पाऊस आणि पक्ष्यांचे थवे यांचेही प्रतिध्वनी येतात, आणि लहरींना जाऊन परत यायचे असल्यामुळे अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनीची शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. दुय्यम रडारचा जन्म दुसऱ्या महायुद्धातील शत्रू-मित्र ओळखण्याच्या यंत्रणेतून झाला. ते १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. येथेही अंतर आणि दिशा रडारच मोजते, मात्र ओळख आणि उंची विमान सांगेल ती मानावी लागते. एडीएस-बी या नव्या पद्धतीत प्रश्न विचारणेही संपले. विमान उपग्रहांवरून आपले स्थान काढते आणि त्याच १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा प्रसारित करते. जमिनीवरचे केंद्र केवळ ऐकते. फिरत्या अँटेनाचा खर्च वाचला, रडारच्या एका फेरीला लागणाऱ्या चार ते बारा सेकंदांऐवजी अर्ध्या सेकंदाला नवी नोंद मिळू लागली, आणि त्या बदल्यात मोजण्याचे काम सगळेच्या सगळे विमानाकडे गेले. हा सौदा जगाने मान्य केला आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात एडीएस-बी प्रसारण सक्तीचे आहे, आणि आपल्याकडेही भारतीय विमानतळ प्राधिकरणाने अनेक विमानतळांवर त्याची केंद्रे उभारली आहेत. या संदेशावर कुलूपही नाही आणि स्वाक्षरीही नाही. ज्याच्याकडे रिसीव्हर आहे त्याला तो वाचता येतो, आणि कायदा मोडायची तयारी असलेल्याला तसाच खोटा संदेश सोडताही येतो.

लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. नागरी विमाने तिथलीच धावपट्टी वापरतात आणि तिथले हवाई वाहतूक नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. म्हणून आजच एक नियम ठरवून घेतला: स्वतःहून एडीएस-बी स्थान जाहीर करणाऱ्या नागरी विमानांखेरीज कशाचेही स्थान काढायचे नाही, बाकीचे संदेश जागच्या जागी पुसून टाकायचे, आणि केंद्रांची थेट माहिती बाहेरच्या कोणत्याही जाळ्याला जोडायची नाही. सरांनी हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावला.

१२ जुलै २०२५

सकाळ बुधवार पेठेत गेली. तपकीर गल्लीत कनेक्टर, पितळी तार आणि पाणी न शिरणारे डबे मिळाले. रिसीव्हर मात्र ऑनलाइनच मागवावे लागले. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर भरते, म्हणून पाव तरंगाची उभी तार ६.९ सेंटिमीटरची कापली आणि तिच्या बुडाशी तेवढ्याच चार तारा खाली झुकवून जोडल्या. अँटेना गच्चीवर आणि रिसीव्हर घरात, असा पहिला बेत होता. पण साध्या पातळ कोॲक्स केबलमध्ये या वारंवारतेला दर मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून अधिक घट होते आणि तीन मजले उतरेपर्यंत सिग्नलचा पाचोळा होतो. त्यामुळे रिसीव्हर अँटेनालगतच डब्यात ठेवायचा आणि खाली फक्त नेटवर्कची केबल आणायची, असे ठरले.

कोथरूडच्या इमारतीत चेअरमनकाकांकडे गच्चीची परवानगी मागितली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न “टॉवर बसवताय का रे?” असा होता. ही पेटी काहीच सोडत नाही, नुसती ऐकते, हे पटवण्यासाठी अँटेना त्यांच्यासमोर पट्टीने मोजून दाखवावी लागली. परवानगी मिळाली, टाकीच्या झाकणावर काहीही ठेवायचे नाही, या अटीवर.

१९ जुलै २०२५

कोथरूड केंद्राला संदेश मिळू लागले, पण फारच थोडे. शेजारच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि त्याचे ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले प्रसारण इतक्या जवळून येते, की आठ बिटांच्या आमच्या रिसीव्हरला त्यापुढे दुसरे काही ऐकूच येत नाही. १०९० च्या अलीकडचे-पलीकडचे सगळे कापणारा फिल्टर अँटेनानंतर लगेच बसवला आणि चित्र पालटले. पस्तीस हजार फुटांवरचे विमान वाटेत डोंगर नसेल तर तत्त्वतः चारशे किलोमीटरवरूनही ऐकू यावे. आम्हाला तेवढे मिळत नाही, पण मुंबईहून दक्षिणेकडे जाणारी विमाने बराच काळ स्पष्ट ऐकू येतात. उलट लोहगावला उतरणारे विमान, जे अंतराने सर्वांत जवळचे, ते कोथरूडहून शेवटच्या टप्प्यात नाहीसे होते, कारण मध्ये वेताळ टेकडी उभी आहे.

गर्दीचा अंदाजही आजच आला. १०९० मेगाहर्ट्झवर एडीएस-बी एकटे नाही: जुन्या पद्धतीच्या रडार प्रश्नांची उत्तरे, मोड एस या सुधारित पद्धतीची उत्तरे आणि विमानांनी टक्कर टाळण्यासाठी एकमेकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे, सगळी एकाच वारंवारतेवर येऊन आदळतात. जुन्या पद्धतीचे उत्तर २०.३ मायक्रोसेकंद लांबीचे असते. म्हणून रडारच्या एकाच दिशेला असलेल्या दोन विमानांच्या अंतरात तीन किलोमीटरहून कमी फरक असेल तर त्यांची उत्तरे एकमेकांवर चढतात आणि रडारला तिसरेच काहीतरी वाचावे लागते. मोड एसने यावर उपाय म्हणून प्रत्येक विमानाला चोवीस बिटांचा कायमचा पत्ता दिला, म्हणजे रडारला नाव घेऊन एकेकाला विचारता येते. जुन्या चार अंकी कोडचे प्रकार केवळ ४,०९६ होते. नव्या पत्त्यांची संख्या एक कोटी सदुसष्ट लाखांवर जाते. सोळाच्या पायावर लिहिल्यास ८०, ८१, ८२ किंवा ८३ ने सुरू होणारे पत्ते भारताच्या वाट्याचे आहेत, त्यामुळे यादीकडे पाहताच देशी विमाने ओळखू येतात.

एडीएस-बीचा स्थानसंदेश ठरावीक ठेक्यावर न येता ०.४ ते ०.६ सेकंदांच्या दरम्यान मुद्दाम अनियमितपणे येतो, तोही याच कारणाने: एकदा आदळलेल्या दोन विमानांचे संदेश पुन्हा पुन्हा आदळू नयेत.

२ ऑगस्ट २०२५

डीकोडर, म्हणजे संदेशाची बिटे उलगडणारी आज्ञावली, आम्ही स्वतः लिहीत आहोत. तयार प्रणाली फक्त ताळा पाहण्यासाठी ठेवली आहे. संदेशाची लांबी ११२ बिटे, त्यांपैकी शेवटची २४ तपासणीची. ती जुळली नाहीत तर संदेश टाकून द्यायचा, कितीही ओळखीचा वाटला तरी.

आज उंची उलगडली. एका विमानाची उंचीची बारा बिटे अशी होती: १०११०१०१००००. यातले आठवे बिट १ आहे, म्हणजे उंची २५ फुटांच्या पायऱ्यांत मोजलेली आहे. ते बिट काढून टाकले की १०११०१०००००, म्हणजे दशमानात १,४४० उरतात. १,४४० ला २५ ने गुणून १,००० वजा केले की ३५,००० फूट. गणित सोपे आहे, अर्थ तेवढा सोपा नाही. ही उंची विमानाने समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. बाहेरचा दाब मोजून, समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असे गृहीत धरून ती काढलेली असते. पावसाळ्यात पुण्यात तसा दाब नसतोच. आज विमानतळाच्या हवामान अहवालात समुद्रसपाटीचा दाब १००६ होता. सात हेक्टोपास्कलच्या फरकाला साधारण दोनशे फूट धरले, तर समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर असलेल्या लोहगावच्या धावपट्टीला चाके टेकत असताना विमानाने २,१५० फुटांच्या आसपासचा आकडा सांगायला हवा. आणि आमच्या वाघोलीच्या केंद्राहून घेतलेल्या नोंदीत जमिनीवर येण्यापूर्वीचा शेवटचा आकडा तेवढाच निघाला. जमिनीवर आल्यावर विमान उंची पाठवणेच थांबवते, म्हणून हा शेवटचा संदेश पकडावा लागतो.

वरच्या थरांत फरक आणखी वाढतो. आपल्याकडची हवा प्रमाण वातावरणापेक्षा गरम, म्हणून फुगलेली. त्यामुळे ३५,००० सांगणारे विमान उपग्रहाच्या मोजणीने हजार फुटांहून अधिक वर असलेले दिसते. हा फरकही विमान वेगाच्या संदेशात पाठवते. नियंत्रकाला याने बाधा येत नाही, कारण त्या थरातली सगळी विमाने एकाच गृहीतावर चुकत असतात आणि त्यांच्यातले हजार फुटांचे अंतर कायम राहते. बाधा आम्हाला येणार आहे, कारण जमिनीवरून लहरींच्या वेळा मोजणाऱ्याला खरी भूमितीय उंची लागते.

१६ ऑगस्ट २०२५

दहीहंडीच्या ढोलांमुळे खिडक्या बंद करून काम केले. विषय: अक्षांश-रेखांश.

संदेशात अक्षांशाला १७ आणि रेखांशाला १७ बिटे मिळतात. सतरा बिटांत पृथ्वीचा संपूर्ण घेर मांडला तर एक पायरी तीनशे मीटरची होईल, जी विमानासाठी फारच ढोबळ. म्हणून पृथ्वीचे पट्टे पाडले आहेत आणि विमान फक्त पट्ट्यातली जागा सांगते, पट्टा कोणता ते सांगत नाही. मग पायरी पाच मीटरवर येते. पट्टा ओळखता यावा म्हणून संदेश आलटून पालटून दोन प्रकारे पाठवले जातात: सम संदेशात अक्षांशाचे पट्टे ६ अंशांचे, म्हणजे पूर्ण वर्तुळात ६०, विषम संदेशात ५९. पुण्याचा अक्षांश १८.५२ घेऊन पाहू. सम पट्ट्यात आपण ०.०८६७ एवढे आत आहोत, विषम पट्ट्यात ०.०३५२. पहिल्याला ५९ ने आणि दुसऱ्याला ६० ने गुणून वजाबाकी केली की पूर्णांकात ३ येतात. म्हणजे आपण तीन पट्टे ओलांडून आलो आहोत. तीन सख अठरा, अधिक ०.०८६७ गुणिले ६, मिळून १८.५२. दोन अपुऱ्या माहितींच्या फरकातून पूर्ण माहिती काढण्याची ही युक्ती मला या संपूर्ण तंत्रातली सर्वांत देखणी वाटते.

रेखांशाला एक गुंतागुंत जास्त आहे. ध्रुवांकडे जाताना रेखांश जवळ येतात, म्हणून पट्ट्यांची संख्या अक्षांशानुसार एकेकाने कमी केली जाते, आणि ही संख्या ५७ वरून ५६ वर येण्याची एक सीमा नेमकी १८.१८६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नकाशावर रेघ ओढली, तर ती शिरवळ-भोरच्या किंचित उत्तरेने, पुण्यापासून सदतीस किलोमीटरवरून जाते. दक्षिणेकडे जाणारे आमचे जवळपास प्रत्येक विमान ती ओलांडते. सम संदेश रेघेच्या अलीकडून आणि विषम संदेश पलीकडून आला, तर दोघांचे गणित वेगळ्या पट्ट्यांवर झालेले असते. अशी जोडी टाकून द्यावी आणि पुढच्या संदेशाची वाट पाहावी, असा नियम आहे.

नियम का आहे हे पाहण्यासाठी ती तपासणी आज मुद्दाम बंद ठेवली. शिरवळजवळचे एक विमान क्षणभर आफ्रिकेत, मालीच्या वाळवंटात जाऊन आले; दुसरे प्रशांत महासागरात मारियाना बेटांच्या आसपास प्रकटले. कागदावर गणित करून पाहिले तर ७३.९ पूर्व रेखांशाला खरोखरच या दोनच प्रकारची उत्तरे निघतात, संदेशांचा क्रम कोणता त्यावर एक किंवा दुसरे. दोन्ही संदेशांची तपासणीची बिटे निर्दोष होती, विमानाचे यंत्र निर्दोष होते, अक्षांशही बरोबर होता. अशी उडी जेमतेम अर्ध्या अंशाची असती, तर ती चटकन लक्षातही आली नसती. तपासणी पुन्हा चालू केली. शिवाय केंद्राच्या ज्ञात जागेच्या आधारे एकाच संदेशातून स्थान काढण्याची दुसरी पद्धत ताळ्यासाठी जोडली. केंद्रापासून १८० सागरी मैलांच्या आत ती चालते आणि तिला जोडीची गरज लागत नाही.

३० ऑगस्ट २०२५

गणपतीचे दिवस. मोशी आणि आंबेगाव केंद्रांच्या पेट्या तयार आहेत, बसवायला माणूस मिळत नाही. वाघोलीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले होते. पावसाने या वारंवारतेचा सिग्नल हवेत फारसा घटत नाही, कनेक्टरमध्ये मात्र पुरता मरतो. चिकटपट्टीचे वेढे वाढवले.

१३ सप्टेंबर २०२५

चारही केंद्रे सुरू आहेत: कोथरूड, मोशी, वाघोली, आंबेगाव. समोरासमोरच्या केंद्रांतले अंतर वीस ते पंचवीस किलोमीटर आहे आणि लोहगाव त्यांच्या चौकोनात येते.

तत्त्व एका वाक्यात मावते. विमानाचा एकच संदेश चार ठिकाणी वेगवेगळ्या क्षणी पोचतो, आणि त्या क्षणांच्या फरकांतून विमान कुठे असले पाहिजे ते ठरते. संदेशात काय लिहिले आहे याच्याशी या मोजणीचा संबंध नाही. अडचण घड्याळांची आहे. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. रिसीव्हरमधला स्फटिक दहा लाखांत एका भागाने जरी भरकटला, तरी दर सेकंदाला एक मायक्रोसेकंदाची, म्हणजे ३०० मीटरची चूक साचत जाते. आणि पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या डब्यात सकाळ-दुपार स्फटिकाचे तापमान बदलतच राहते. तापमान-संतुलित स्फटिक असलेले रिसीव्हर घेतले आहेत, तरी घड्याळे सतत जुळवत राहावी लागणार.

दुसरी अडचण भूमितीची. चारही केंद्रे जमिनीवर, जवळपास एकाच पातळीत. त्यामुळे आडवे स्थान बरे मिळते, उंची मात्र फारच अंधुक. उंची विमानाकडूनच घ्यावी, तर २ ऑगस्टच्या नोंदीतली सगळी भानगड आत येते, आणि शिवाय जे पडताळायचे त्यातलाच एक भाग आपण विश्वासाने घेतलेला असतो. तूर्त दाबाची उंची घेऊन तिला हवामान अहवालानुसार दुरुस्त करायचे ठरले. विमान उपग्रहाच्या मोजणीचा जो फरक पाठवते, तो वापरायचा नाही. ज्याची उलटतपासणी करायची त्यालाच साक्षीला बोलावण्यासारखे ते होईल.

२७ सप्टेंबर २०२५

आज सरांसमोर पद्धत मांडली आणि त्यांनी तिच्या मुळावरच बोट ठेवले. घड्याळे जुळवण्याची हौशी लोकांची प्रचलित रीत अशी, की एडीएस-बी स्थान सांगणारे विमान घ्यायचे, त्याच्या सांगितलेल्या जागेपासून प्रत्येक केंद्रापर्यंत लहर किती वेळात पोचायला हवी ते काढायचे, आणि प्रत्यक्षातला फरक हा घड्याळाचा दोष मानून दुरुस्त करायचा. रीत उत्तम चालते. पण ज्या विमानांची परीक्षा घ्यायची, त्यांच्याच सांगण्यावर आपण घड्याळ लावत आहोत. एकटेदुकटे विमान चुकीचे सांगत असेल, तर बाकीच्यांच्या बहुमताने ते उघडे पडते. एका परिसरातल्या सगळ्याच विमानांचे उपग्रह-स्थान एकाच वेळी बिघडवले गेले, तर आमची घड्याळे मुकाट्याने त्या बिघाडाशी जुळवून घेतील.

विमानतळांवरच्या, अशाच वेळेच्या फरकांवरून स्थान काढणाऱ्या व्यावसायिक मल्टिलॅटरेशन यंत्रणेत यासाठी ज्ञात जागी बसवलेला संदर्भ-प्रक्षेपक असतो. १०९० वर प्रक्षेपण करायचा आम्हाला अधिकार नाही आणि तो विचारही करायचा नाही. प्रत्येक केंद्राला उपग्रहावरून वेळ देणारा मॉड्यूल बसवला तर विमानांवरचे अवलंबित्व जाते, पण मग आम्हीही त्याच उपग्रहांच्या दारात उभे राहतो; फरक इतकाच की आकाशातल्या विमानापर्यंत पोचणारा व्यत्यय गच्चीवरच्या अँटेनापर्यंत पोचेलच असे नाही. दोन्ही पद्धती समांतर चालवायच्या आणि त्या एकमेकींशी विसंगत झाल्या की तीच नोंद महत्त्वाची मानायची, असा निर्णय झाला.

११ ऑक्टोबर २०२५

विभागात एका निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रकांचे व्याख्यान झाले. आमचे आलेख पाहून त्यांनी सांगितले, की नियंत्रक पडद्यावरच्या आकड्यावर आंधळा विश्वास कधीच ठेवत नसे; पडताळणी कामातच विणलेली असते. विमानाशी पहिला संपर्क झाला की वैमानिकाने तोंडी सांगितलेली उंची आणि पडद्यावरची उंची ताडून पाहायची. हजार फुटांच्या अंतराने विमाने उडवली जातात त्या वरच्या थरात दोनशे फुटांपर्यंत आणि इतरत्र तीनशे फुटांपर्यंत फरक चालतो; त्याहून जास्त असेल तर ती उंची वापरायची नाही. ओळखीची शंका आली तर वैमानिकाला ट्रान्सपॉन्डरवरचे ओळखीचे बटण दाबायला सांगायचे आणि कोणता ठिपका चमकतो ते पाहायचे.

रडार जिथे पोचत नाही त्या अरबी समुद्रावरच्या वाहतुकीविषयीही ते बोलले. तिथे विमान उपग्रहामार्फत ठरावीक कालांतराने स्थान कळवते, आणि दोन कळवण्यांच्या मध्ये ते कुठे असेल हा अंदाजच असल्याने विमानांमधले अंतर मोठे ठेवावे लागते. आता एरिऑन कंपनीचे एडीएस-बी रिसीव्हर इरिडियमच्या ६६ उपग्रहांवर बसल्यामुळे समुद्रावरचे संदेशही ऐकू येतात. ऐकायची सोय झाली, तरी मोजणारे विमानच राहिले, हा आमचा मुद्दा त्यांनी मान्य केला. मात्र काहीच न दिसण्यापेक्षा विमानाचा शब्द कितीतरी बरा, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे ऐकवले. त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि अहवालात ते आमच्या मताच्या शेजारी लिहिले जाईल.

१२ नोव्हेंबर २०२५

अहवालाच्या पार्श्वभूमीचे प्रकरण लिहायला घेतले. आजच्याच तारखेला, १९९६ मध्ये, हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ समोरासमोर आदळून दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीहून निघालेल्या विमानाला १४,००० आणि उतरणाऱ्या विमानाला १५,००० फुटांची मर्यादा दिलेली होती. उतरणारे विमान आपल्या उंचीखाली गेले. दिल्लीच्या नियंत्रकासमोर तेव्हा प्राथमिक रडारच होते. दोन ठिपके एकमेकांकडे येताना दिसत होते, पण येणारी आणि जाणारी विमाने एकाच हवाई मार्गाने ये-जा करत असल्याने तसे दिसणे नेहमीचेच होते, आणि उंची वैमानिकाच्या तोंडून कळेल तेवढीच. जमिनीने स्वतः मोजलेले सगळे बरोबर होते, फक्त त्यात उंची नव्हती. त्यानंतर दुय्यम रडार, येण्या-जाण्याचे वेगळे मार्ग आणि विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा या गोष्टी आल्या.

याच्या उलट टोकाला मलेशियाचे एमएच३७०. ८ मार्च २०१४ च्या पहाटे त्याचा ट्रान्सपॉन्डर बंद झाला आणि नागरी नियंत्रकांच्या पडद्यावरून ते गेले. विमान मागे वळल्याचा माग लष्करी प्राथमिक रडारच्या नोंदींतून मिळाला. विमानाने बोलणे थांबवले की विमानाच्या शब्दावर उभी असलेली यंत्रणा त्याच क्षणी आंधळी होते. ही दोन उदाहरणे एकाच पानावर ठेवायची आहेत. नुसते प्राथमिक रडार अपुरे आणि नुसता विमानाचा शब्दही अपुरा, हे त्यावरून वेगळे सांगावे लागणार नाही.

२९ नोव्हेंबर २०२५

ज्याची वाट पाहत होतो ते या आठवड्यात सापडले.

पश्चिमेकडून येऊन आग्नेयेकडे जाणारे एक लांब पल्ल्याचे विमान आमच्या चौकोनावरून गेले. त्याच्या स्थानसंदेशाचा प्रकार-क्रमांक नेहमीच्या ११ ऐवजी १८ होता. ११ चा अर्थ, स्थानाच्या अचूकतेची हमी दोनशे मीटरच्या आत. १८ चा अर्थ, हमी काहीच नाही. विमान स्वतःच सांगत होते की माझ्या जागेवर फार विश्वास ठेवू नका. आमच्या मोजणीने काढलेला त्याचा मार्ग आणि त्याने जाहीर केलेला मार्ग एकमेकांना जवळपास समांतर निघाले, मध्ये सुमारे साडेतीन किलोमीटरचे अंतर. त्याच मिनिटांत आकाशात असलेल्या इतर विमानांची दोन्ही स्थाने काही शे मीटरच्या आत जुळत होती, म्हणजे घड्याळे ठिकाणावर होती. दोन्ही पद्धतींनी लावलेल्या घड्याळांचे उत्तरही एकच आले.

कारणाचा आमचा अंदाज असा. आखात आणि पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरात उपग्रह-संकेत दडपण्याचे आणि खोटे संकेत पेरण्याचे प्रकार २०२३ च्या उत्तरार्धापासून फार वाढले आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये याबाबत परिपत्रकही काढले. काही विमानांचे उपग्रह-रिसीव्हर त्या भागातून बाहेर पडल्यावरही उड्डाण संपेपर्यंत सावरत नाहीत. मग विमान आपल्या जडत्वीय यंत्रणेवर, म्हणजे उपग्रहांशिवाय स्वतःची हालचाल मोजत स्थान काढणाऱ्या यंत्रणेवर चालते, जी काही तास उत्तम काम देते पण तासागणिक थोडी थोडी सरकत जाते. साडेतीन किलोमीटर हे त्या सरकण्याशी सुसंगत आहे. वरच्या हवाई क्षेत्रात रडारच्या निगराणीखाली दोन विमानांत ठेवायचे किमान अंतर पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग या एका सरकण्याने खाल्ला असता. मुंबईच्या नियंत्रकांकडे स्वतः अंतर मोजणारे दुय्यम रडार आहे, म्हणून प्रत्यक्षात तसे होत नाही. केवळ एडीएस-बीवर चालणाऱ्या क्षेत्रात ते होऊ शकते, आणि म्हणूनच तिथे हमीचा हा क्रमांक पडताळून कमी हमीचे स्थान पडद्यावर येऊच दिले जात नाही.

हे प्रामाणिक विमान होते, त्याने आपली शंका स्वतः कळवली. खोटे संकेत पेरलेले असतील तर विमान पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची जागा सांगेल आणि प्रकार-क्रमांक ११ च राहील. आमच्या चौकोनाचा खरा उपयोग त्या प्रसंगी. तसे विमान आमच्या नोंदीत आलेले नाही.

१३ डिसेंबर २०२५

अहवालाचा मसुदा सरांकडे गेला. मर्यादा स्पष्ट लिहिल्या आहेत. चौकोनाच्या आत पडताळणी भरवशाची आहे. चौकोनापासून दूर गेल्यावर चारही केंद्रे विमानाला जवळपास एकाच दिशेने पाहतात आणि चूक झपाट्याने वाढते, इतकी की लोणावळ्यापलीकडच्या विमानाविषयी आम्ही काही बोलू नये हेच बरे. पश्चिमेला घाटमाथ्यावर पाचवे केंद्र हवे. त्यासाठी एका ओळखीच्यांचे शेतघर पाहून ठेवले आहे, पण तिथे वीज दिवसातून बराच वेळ नसते आणि बॅटरीचा हिशेब अजून करायचा आहे.

नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीविषयी एका परीक्षकांनी सुचवलेला परिच्छेदही घातला. तिथल्या ३० अँटेनांचा सर्वांत वरचा पट्टा १००० ते १४५० मेगाहर्ट्झचा आहे आणि १०९० त्याच्या आत येते. आम्ही जो सिग्नल जपून गोळा करतो, तोच त्यांच्या निरीक्षणात व्यत्यय म्हणून गाळावा लागतो. नारायणगाव परिसरावरून विमान नेमके केव्हा गेले याची आमची नोंद त्यांच्या गाळणीला उपयोगी पडेल का, असे विचारणारे पत्र सरांच्या सहीने पाठवायचे आहे. कोथरूड आणि मोशीच्या नोंदींतून त्या भागातली उड्डाणे वेगळी काढणारी आज्ञावली सोमवारपर्यंत लिहायची आहे.